अंत्यविधी झालेला नवरा

इजिप्तमधल्या मिन्यातल्या त्या इमारतीत ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत कोणाच्या घरी काय शिजतंय, हे देवाच्या आधी इन्साफला कळायचं. जिना चढताना ती प्रत्येक दारापाशी दम खायला थांबायची आणि दम खाता खाता वास घ्यायची. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं ती भिंग लावून वाचायची. या उपासाला दूध, अंडी, मांस काही चालत नाही; बिस्किटात दुधाची पावडर निघाली की पुडा आणणाऱ्याचं काही खरं नसे. लग्न होऊन आल्यापासून तिचा स्वतःचा एकही उपास मोडला नव्हता. बाळंतपणातसुद्धा नाही, हे ती कोणी न विचारताच सांगायची. तिचा नवरा लबीब, रेल्वेतून निवृत्त झालेला तिकीट तपासनीस, तिच्या धाकाने जन्मभर निमूट उपास करत आला होता. निदान तिची तशी समजूत होती.

त्या हिवाळ्यात लबीबला हृदयविकाराचा झटका आला. त्यातून तो वाचला, पण इन्साफच्या डोक्यात एक किडा शिरला. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात चर्चमध्ये कोणाचाही अंत्यविधी होत नाही. धूप नाही, शेवटची प्रार्थना नाही. म्हणून त्याआधी, झावळ्यांच्या रविवारी, अबूना म्हणजे आपले पाद्रीबाबा जमलेल्या सगळ्या मंडळींचा मिळून एकच अंत्यविधी उरकून टाकतात. आठवड्यात जो जाईल त्याचा आगाऊ झाला. सरकारी कचेऱ्यांनी धडा घ्यावा अशी सोय आहे.

तर त्या रविवारी प्रार्थना सुरू होताच इन्साफ बायकांच्या बाजूने उठली, थेट पुरुषांच्या बाजूला घुसली आणि लबीबला बाहीला धरून पहिल्या रांगेत नेऊन उभं केलं.

"इथं उभे राहा, अबू रफत. अबूना पाणी शिंपडतील ते नीट अंगावर पडू दे. मागे थेंब पोचत नाहीत."

मुलाच्या नावावरून लबीब 'अबू रफत', म्हणजे रफतचे बाबा, आणि इन्साफ 'उम्म रफत', रफतची आई. आजूबाजूचे लोक तोंडावर रुमाल धरून हसले. पाणी पडलं, चांगलं भरपूर पडलं. लबीबने चष्मा पुसला आणि घरी येईपर्यंत एक अक्षर बोलला नाही. टोमणा मारल्याशिवाय ज्याला पाणी पचत नाही तो माणूस गप्प बसलाय, हे बघून इन्साफने तेव्हाच घाबरायला हवं होतं. तिला वाटलं, प्रार्थनेचा परिणाम झाला.

सोमवारी तिने बाकल्याची उसळ पुढे ठेवली. लबीबने ताट सरकवलं.

"माझा अंत्यविधी झालाय. मेलेली माणसं जेवत नाहीत."

सूर्य मावळल्यावर त्याने चतकोर भाकरी मिठाला लावून खाल्ली आणि झोपला. मंगळवारीही तेच. इन्साफ आधी हरखून गेली. "आमच्या ह्यांनी या वर्षी असा कडक उपास धरलाय, साधुसंत लाजतील!" असं तिने जिन्यात तिघी-चौघींना ऐकवलं. गुरुवारी साधुसंत भिंतीचा आधार घेत न्हाणीघरात जाऊ लागले तेव्हा मात्र तिचं तोंड उतरलं. दुःखाच्या शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, पहाटे तो स्वयंपाकघरात मटकन खाली बसला, तो उठेचना.

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर झकरिया वर आले. त्यांनी आधी लबीबची नाडी तपासली आणि मग इन्साफवर डाफरले. "हृदयाच्या रोग्याला उपास? कोणी सुचवलं हे? कोंबडीचं सूप द्या. आज, आत्ता. नाहीतर हा माणूस रविवार बघत नाही."

तिने चर्चला निघालेल्या अबूनांना फोन लावला.

"अगं उम्म रफत, आजाऱ्याला उपास नसतो हे मी दर वर्षी घसा फोडून सांगतो. तू इतरांची ताटं बघण्यात असतेस, ऐकणार कधी? पाज त्याला सूप."

ईस्टरच्या सणासाठी ठेवलेली कोंबडी इन्साफने फ्रीजमधून काढली. वेलची आणि तमालपत्र घालून शिजत लावली आणि वास जिन्यात जाऊ नये म्हणून सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. जन्मभर दुसऱ्यांच्या घरचे वास पकडणाऱ्या बाईला आता आपला लपवायचा होता. घामाघूम होऊन ती वाडगा घेऊन त्याच्या पलंगाशी आली.

"घ्या."

"मेलेल्याला सूप?"

"थट्टा पुरे झाली, अबू रफत."

"थट्टा मी केली? सणाच्या फोटोत मला सगळ्यांच्या मागे उभं करतेस, आणि अंत्यविधीला बरोबर पहिली रांग! सगळ्या गावासमोर निरोप दिलास मला. म्हटलं, हिची तयारी झालेली दिसते. मग मी तरी कशाला अडून बसू?"

इन्साफने वाडगा पलंगाच्या कडेला टेकवला.

"माझी तयारी? हिवाळ्यापासून रोज तुमच्या नाकापुढे हात धरून बघते मी, श्वास चालू आहे की नाही! या आठवड्यात काही झालं असतं तर तुम्हाला तसंच उचलून नेलं असतं. माझ्या माणसाला धुपाशिवाय, प्रार्थनेशिवाय! म्हणून ओढत नेलं. भीती वाटते मला, कळतं का? भीती!"

हा शब्द तिने त्याच्यासमोर कधी उच्चारला नव्हता. लबीबने वाडगा तिच्याकडे सरकवला.

"मग आधी तू घे," तो म्हणाला. "एक चमचा."

"डोकं फिरलंय का? आज?"

"एकट्याने खायची लाज वाटते. नोकरीत असताना दर उपासाला स्टेशनवर अंडी खाल्ली, तुझ्या पाठीमागे. आता तुझ्यासमोर तुझ्याशिवाय कोंबडी नाही उतरणार घशाखाली."

"कसली अंडी?"

"उकडलेली."

एरवी या अंड्यांवरून महिनाभर घरात रण माजलं असतं. पण त्याचे ओठ पांढरे पडले होते. दुरून चर्चच्या भोंग्यावरची शोकगीतं ऐकू येत होती, सगळं गाव तिथे उपाशी उभं होतं. तिला आपली सगळी वर्षं आठवली, जिन्यातला आपला दरारा आठवला. मग तिने क्रुसाची खूण केली, औषध घ्यावं तसे डोळे मिटले आणि एक चमचा गिळला.

लबीबने वाडगा रिकामा केला. मीठ कमी आहे म्हणाला, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. तिने पातेलंच उचलून आणलं. दुसऱ्या वाडग्यानंतर त्याच्या गालांवर थोडा रंग आला आणि त्याने हातानेच 'पुरे' अशी खूण केली.

पातेल्यात तळाशी सूप उरलं होतं. आता कोणी तिला अट घातली नव्हती. डॉक्टरांनी तिला काही सांगितलं नव्हतं, अबूनांनी परवानगी दिली नव्हती. इन्साफने पातेलं दोन्ही हातांनी उचललं, तोंडाला लावलं आणि शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकलं.

"उम्म रफत," लबीब उशीवरून मान उचलून म्हणाला, "हे कोणासाठी?"

"भूक लागली होती मला," ती म्हणाली, आणि हिवाळ्यापासून अडवून धरलेलं रडू तिला आवरेना.