कातळावरची खोटी खूण

जांभळ्या रंगात बुडवलेलं एक उकडलेलं अंडं.

गुडघ्यावर फाटलेली निळी विजार.

ट्रकची किल्ली. ती आता दुसऱ्याच्या खिशात असते.

बटाट्याच्या सॅलडचा डबा, झाकण न उघडलेला.

"बाबा, तुम्ही या सावकाश मागून."

मित्रांनो, हे सगळं एकाच गोष्टीतलं आहे. ते नीट ओळीत मांडायला हवं, पण मला ओळ येत नाही. एकावर एक ठेवणं तेवढं येतं, कारण मी एक जुनी उतरंड आहे. मडक्यांची नव्हे, दगडांची. तुमच्या लगोरीहून बरीच उंच. पण लगोरी कुणीतरी पाडतं. मला कुणी पाडत नाही, आणि तेच माझं दुखणं आहे.

मी अमेरिकेतल्या यूटा राज्याच्या दक्षिण भागात, वाळूच्या दगडाच्या उघड्या कातळावर उभी आहे. कातळ लाटांसारखा वर-खाली होत जातो. सगळ्या लाटा लाल, सगळ्या सारख्या. त्यावर पाऊल उमटत नाही. म्हणून इथे दगडावर दगड ठेवून वाट सांगतात. तशी खूण दिसली की माणूस विचार करायचं थांबतो आणि चालू लागतो.

इथल्या खऱ्या खुणा व्हर्ल आजोबांनी रचल्या. तरुणपणी ते मेंढ्या घेऊन या कातळावरून जात. त्यांच्या खुणा बुटक्या आहेत, दोन-तीन दगडांच्या. मी त्यांतली नाही.

मला रचलं केलीनने, त्यांच्या मुलीने.

गावातली कुटुंबं ईस्टरच्या शनिवारी कातळावर येतात. रंगवलेली अंडी उतारावरून सोडतात. ज्याचं अंडं न फुटता लांब जाईल तो वर्षभर मिरवतो. त्याआधी अंडी लपवायची आणि मुलांनी शोधायची. केलीनने चपटे दगड वेचले, रचले आणि माझ्या पोटात जांभळं अंडं सरकवलं.

तिचा नवरा थेन बघत होता. "अगं, अंडं लपवतेस की देऊळ बांधतेस?"

"तू गप रे. तुला मागच्या वर्षी एक तरी सापडलं होतं का?"

"मी लहान मुलांना जिंकू देतो."

"हो, आणि तुझ्या आईलाही."

मुलांना अंडं सापडलं. टाळ्या पडल्या. माझं काम तिथेच संपलं होतं. निघताना थेनने मला मोडायला पाय उचलला, तर केलीन म्हणाली, "राहू दे रे, छान दिसतेय."

पुढची काही वर्षं केलीनचं कुटुंब पलीकडच्या उतारावर जाऊ लागलं. माझ्यापाशी परके चालणारे येऊ लागले. मला पाहून ते उजवीकडची खरी वाट सोडून डावीकडे वळत, कड्याशी पोचत, दरी बघून खूश होत आणि परत फिरत. जाताना माझ्यावर एक दगड ठेवत. "बरं झालं, इथे खूण आहे," म्हणत. माझ्याबरोबर फोटो काढत. दगडागणिक मी उंच होत गेले आणि उंच झाले तशी खरी दिसू लागले. मला ते आवडत होतं. हे सांगताना आता माझे खालचे दगडसुद्धा जड होतात.

मग एका ईस्टरला हे कुटुंब पुन्हा या बाजूला आलं. चालणं सोपं होतं, कातळाच्या घुमटांमधून पलीकडच्या सावलीपर्यंत. तिथे जेवायचं. त्या सकाळी व्हर्ल आजोबांनी नातीला, ब्रिन्लीला, तिच्या आईच्या नावाने हाक मारली होती. सगळे हसले. आजोबाही हसले, पण जरा उशिरा.

"बाबा, वाट आठवते ना?" थेनने चिडवलं. "की दोरी बांधून नेऊ?"

"मी इथे मेंढ्या चारत होतो तेव्हा तुझा बाप दुपट्यात होता," आजोबा म्हणाले. गुडघे दुखत होते, म्हणून सॅलडचा डबा घेऊन ते मागे राहिले.

माझ्यापाशी ते एकटेच आले. थांबले. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ही मी कधी रचली?"

खूप वेळ आठवून पाहिलं. मग स्वतःशीच म्हणाले, "व्हर्ल्या, म्हातारा झालास बाबा." आणि डावीकडे चालू लागले. मित्रांनो, त्यांनी स्वतःवर संशय घेतला, माझ्यावर नाही.

कड्याशी गेल्यावर ते दरी बघून परतले नाहीत. खूण आहे म्हणजे वाट खाली उतरत असणार, असं त्यांना वाटलं. वाळूवरून पाय घसरला आणि ते खालच्या अरुंद पायरीवर जाऊन पडले. विजार गुडघ्यावर फाटली. वर चढता येईना. दुपारभर ते उन्हात बसून राहिले. डबा मांडीवरच होता. तो सगळ्यांसाठी होता, म्हणून त्यांनी उघडला नाही.

घरचे शोधत फिरत होते. आजोबांनी डबा दगडावर आपटला, त्या आवाजाने ते सापडले. थेनने दोरी टाकून वर घेतलं. घाबरल्यामुळे त्याचा आवाज चढला. "बाबा, इकडे कशाला आलात? वाट उजवीकडे आहे!"

"खूण होती."

"इकडे कुठली खूण? तुम्ही ठेवली होती?"

"आठवत नाही रे."

परतताना आजोबांनी मला दाखवलं, पण थेनला मी ओळखू आले नाही. परक्यांच्या दगडांनी मी दुप्पट झाले होते. केलीनने मात्र वाकून माझ्या पोटातली रिकामी जागा पाहिली. तिचा चेहरा उतरला. तोंड उघडलं. सगळे तिच्याकडे बघत होते.

"बाबा, पाणी प्या," एवढंच ती म्हणाली.

गावात बोललं गेलं, व्हर्ल स्वतःच्याच कातळावर चुकला. थेनने ट्रकची किल्ली मागून घेतली, "थोडे दिवस" म्हणून. आजोबांनी वाद घातला नाही. एकेकाळी त्यांनी नक्की घातला असता.

पुढच्या ईस्टरला ते खाली ट्रकच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर बसून राहिले. केलीन मुलीला घेऊन वर आली.

"आई, आजोबा का नाही आले?" ब्रिन्लीने विचारलं.

"त्यांना आता वाट आठवत नाही गं."

हे म्हणताना तिचा हात माझ्या सर्वांत वरच्या दगडावर होता. दगड डुगडुगला. तिने तो नीट बसवला.

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला सांभाळा. मी उलटं मागते. इकडे आलात तर मला पाडा. वरून सुरुवात करा, म्हणजे पायावर दगड येणार नाही. दगड लांब लांब टाका. आणि तुम्ही कुठे गंमत म्हणून काही रचलंत, तर गंमत संपल्यावर ते मोडून मगच घरी जा. तरीही एवढ्याने आजोबांचं नाव धुऊन निघणार नाही. त्यासाठी केलीनला बोलावं लागेल. ती दर वर्षी येते, माझ्यासमोर उभी राहते आणि जाते.

त्या दिवशी मी नजरेस पडण्याआधी व्हर्ल आजोबा आपणहून उजवीकडे, खऱ्या वाटेला वळले होते.