ढोलीवरची थाप

धाकट्या मुलीला सासरी पाठवलं, त्याच वर्षी म्हाताऱ्याचे कान गेले. बायकोखेरीज कुणाला पत्ता नव्हता.

लाकूडतोड्यांच्या टोळीत त्याच्याकडे आता एकच काम होतं. झाड पाडण्याआधी कुऱ्हाडीच्या पाठीनं बुंध्यावर थापा मारायच्या आणि कान लावायचा. विणीच्या दिवसांत धनेशाची मादी ढोलीत शिरून चिखलानं दार लिंपून घेते. पंखांची पिसं झाडून आत बसते आणि नर तिला फटीतून फळं भरवतो. आतून चोचीची टकटक आली, तर पिलू उडेपर्यंत त्या झाडाला हात लावायचा नाही, ही टोळीची रीत. कान त्याचा, करवत इतरांची.

"काय दाजी, आहे का कुणी घरात?" मेव्हण्यानं हसत विचारलं.

म्हाताऱ्यानं ते ओठांवरून ओळखलं. त्यानं बुंध्याला कान लावला. आत काही नव्हतं. हल्ली कुठेच काही नसे.

"रिकामं आहे."

झाड आडवं झालं, तेव्हा वेलींखाली लपलेली फट दिसली. मेव्हण्यानं फुटक्या ढोलीतून मादी बाहेर काढली. मान लोंबत होती. पोटाखाली पिलू होतं, तेही गेलेलं.

"दाजी, टकटक आली नाही?"

"आली असती तर बोललो नसतो?"

मेव्हणा पाठ फिरवून काहीतरी म्हणाला. ते म्हाताऱ्याला कळलं नाही.

"सांगून टाका त्याला," संध्याकाळी बायको त्याच्यासमोर तोंड करून म्हणाली. "माझाच भाऊ आहे. खाणार नाही तुम्हाला."

"म्हणजे पोटावर पाय. घरी बसून काय माशा मारू?"

"मारा की. मला तरी दुपारची झोप लागेल."

दुसऱ्या दिवशी नर आला. काळ्या अंगावर पांढरे पट्टे, हळदीसारखी पिवळी चोच, लाल डोळा. चोचीच्या टोकात उंबर धरून तो तुटक्या बुंध्यावर बसून राहिला. उडाला तेव्हा म्हाताऱ्याला त्याचे पंख ऐकू आले. वाफेचं इंजिन सुटावं तसे. करवत ऐकू येत नव्हती, माणसं ऐकू येत नव्हती, एवढंच येत होतं. मग ते घराच्या छपरावरूनही येऊ लागलं.

बायको दारातून डोकावून बघे. "आभाळ मोकळं आहे हो."

पुढे तिनंच अंथरूण धरलं. म्हाताऱ्यानं काम सोडलं, पण कारण सांगितलं नाही.

"समोर बसून टक लावू नका. मी काही पळून जात नाही," ती म्हणायची. म्हणून तो बाहेरच्या खोलीत, मधल्या फळीच्या भिंतीला हात लावून बसे. काही हवं असलं की ती आतून फळीवर मूठ आपटायची. पहिल्यांदा ती थाप तळव्यात उतरली, तेव्हा तो बराच वेळ हाताकडे बघत राहिला. बुंध्याला त्यानं कान लावला होता. हात लावायचं सुचलं नव्हतं.

एका दुपारी पंख वाजले, अगदी छपराला घासून. तो उठून अंगणात गेला. झाडं बघितली, कौलं बघितली, आभाळ बघितलं. मग परत येऊन त्यानं फळीवर हात ठेवला.

फळी गप्प होती. तो आत गेला. तिची मूठ फळीला टेकलेली होती.

बायको त्या दुपारी गेली. लेकीच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.