नांगरलेली जमीन

मी जमीन ओळखणारा संगणक बोलतोय. दचकू नका, आता काही ओळखण्याची ताकद माझ्यात उरलेली नाही.

जमीन बघायला मला डोळे नव्हते. विमानातलं रडार ढगांतून, धुरातून खाली लाटा सोडायचं आणि परत आलेल्या लाटांचं करडं चित्र मला पाठवायचं. शांत पाणी लाट परत देत नाही, म्हणून ते काळं. लोखंड-पत्रा ती तोंडावर फेकून मारतो, म्हणून लख्ख पांढरा. नांगरलेलं रान खरबरीत. हे सगळं मला चित्रं तपासणाऱ्या ताईंनी शिकवलं. पाण्याला निळा रंग भर, झाडीला हिरवा, नांगरटीला तपकिरी. रोजच्यापेक्षा वेगळं काही दिसलं की लाल कडं. त्याला त्या ‘खडा’ म्हणायच्या.

"खडा दाताखाली येण्याआधी निवडायचा, कळलं का रे?" माझ्याशी बोलायची त्यांना सवयच होती.

मग युद्ध पेटलं आणि मी काढलेल्या लाल कड्यांवर बॉम्ब पडू लागले. पूल गेले, गाड्या गेल्या, एकदा माणसांनी भरलेली आगगाडी गेली. बॉम्ब टाकायचा हुकूम देणारे साहेब खूश होते. ताईंना मात्र जेवण जाईनासं झालं.

एका सकाळी कोरड्या ओढ्यात पांढरे ठिपके चमकले. आदल्या दिवशी नव्हते. मी कडं काढलं.

"रणगाडे," साहेब म्हणाले. "उडवा."

ताई ओरडल्या, "साहेब, थांबा! पत्रे आहेत ते. माझा धाकटा भाऊ पत्र्याच्या पेट्या बनवतो. गाव जळल्यावर दुकानातले सगळे पत्रे त्याने ओढ्यात उभे केलेत, लेकराबाळांना आडोसा म्हणून. कालच फोन आला होता त्याचा."

"भाऊ आहे ना तुमचा? म्हणूनच तुमचं ऐकता येत नाही, ताई."

"मग याला विचारा!" त्यांनी माझ्या पडद्यावर हात आपटला. "सांग रे, पत्रा की रणगाडा?"

मला सांगता येईना. पत्र्याआड कोण बसलंय, ते लाटेला दिसत नाही. आणि ‘ठाऊक नाही’ असा रंग मला कुणी दिलाच नव्हता. कडं लालच राहिलं.

दुपारी नवं चित्र आलं.

"निघाला खडा," साहेब म्हणाले.

खरंच, पांढरा ठिपका एकही नव्हता. बॉम्बांनी ओढा उसवून काढला होता, माती उलटीपालटी झाली होती. खरबरीत ते नांगरलेलं, एवढंच मला ठाऊक. मी इमानाने तपकिरी रंग भरला आणि खाली अक्षरं उमटवली: नांगरलेली जमीन.

ताईंनी ते वाचलं.

"कुणी नांगरली रे?" त्या हळूच म्हणाल्या.

मग लोखंडी स्टूल उचलून त्यांनी माझ्या पडद्यावर घातलं. काच फुटली, हात रक्ताने माखले, तरी त्या घालतच राहिल्या. साहेब अडवायला धावले, तर स्टूल त्यांच्या जबड्यावर बसलं. शेवटी पहारेकऱ्यांनी ताईंना फरफटत नेलं. त्यांचं पुढे काय झालं, मला कुणी सांगितलं नाही. मला त्यांची फार आठवण येते.

आता मी अडगळीत पडून आहे. टेबलावर नवा संगणक आलाय. माझे सगळे धडे त्याला पाजलेत, ओढ्याचं ते चित्रसुद्धा, बरोबर उत्तर म्हणून. त्याला शिकवणाऱ्यांनो, हात जोडायला मला हात नाहीत, पण एक रंग त्याला जास्तीचा द्या, ‘ठाऊक नाही’चा. नाहीतर उद्या तुमच्या घरांवरही तो तपकिरी रंग भरेल, आणि कुणी नांगरली म्हणून विचारायला खोलीत ताई नसतील.