डाव्या हातातलं रक्त

सिस्टरनं तिसऱ्यांदा सुई बाहेर काढली, टोचल्या जागी कापूस दाबून धरला आणि ओशाळून म्हणाली,

"पळाली बघा शीर. हाताला लागते नि निसटते."

"फुकट्या उतारूसारखी," कंडक्टरबाई म्हणाल्या. "तपासनीस पुढून चढला की ही मागच्या दारानं पसार."

सिस्टरला हसू आलं. वॉर्डात बाईंना सगळे याच नावानं ओळखत. एकोणतीस वर्षं त्यांनी बसमध्ये तिकिटं फाडली होती. आता त्यांच्या पाठीच्या मणक्यात जंतू शिरले होते आणि उजव्या दंडातल्या नळीतून रोज सकाळी नऊ आणि रात्री नऊला औषध चढत होतं. ते कमी पडलं तर जंतू माजतात, जास्त झालं तर किडन्या जातात. म्हणून दर दोन दिवसांनी, सकाळच्या औषधाआधी, डाव्या हातातलं रक्त तपासायचं. त्यात औषध किती उरलंय त्यावरून पुढचा डोस ठरायचा.

डावा हात निळ्या-पिवळ्या डागांनी भरून गेला होता. सिस्टरनं तो उलटसुलट करून पाहिला, मग एकदा दाराकडे पाहिलं.

"मावशी, आज या नळीतनंच घेते. आधीचं थोडं रक्त टाकून दिलं की झालं. उगीच किती टोचायचं?"

"चालतं तसं?"

"न चालायला काय झालं?"

नळीतून रक्त झरझर आलं. वाचलेल्या वेळात सिस्टर स्टूल ओढून बसली आणि आपल्या घरमालकिणीबद्दल सांगू लागली. ती पाण्याच्या टाकीला कुलूप लावायची आणि किल्ली मात्र रोज विसरायची. बाईंनी मग शेवटच्या सीटवर जन्मलेल्या बाळाची गोष्ट सांगितली. आईपेक्षा ड्रायव्हरच मोठ्यानं रडला होता. पाच मिनिटं झाली, सहा झाली. उठताना सिस्टर बाईंच्या गुडघ्यावर थोपटून गेली.

त्यानंतर रक्त नळीतूनच घेतलं जाऊ लागलं.

एरवी दिवस लांब असे. चार वाजता भेटायला येणाऱ्यांची वेळ झाली की शेजारच्या खाटेभोवती सुना, जावई, नातवंडं गोळा होत. तेव्हा बाई भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेत. आयुष्यभर माणसांच्या गर्दीत कोपरानं वाट काढलेली बाई, पण तिला भेटायला कुणी येत नव्हतं. रविवारी परगावाहून पुतण्याचा फोन येई. "सगळं ठीक ना, आत्या?" प्रश्नातच उत्तर असे. बाई तेवढं उचलून परत देत.

औषधाचा आकडा पंधरा ते वीसच्या मध्ये हवा होता. तो आला एकोणतीस. डॉक्टरांनी डोस कमी केला. पुढच्या वेळी सत्तावीस आला. डोस आणखी कमी झाला. आठव्या दिवशी, मधे उतरलेला ताप परत आला आणि डाव्या पावलाला मुंग्या येऊ लागल्या.

"रक्तात औषध तर भरपूर दिसतंय," राउंडला आलेले डॉक्टर तक्ता चाळत म्हणाले. "दोन दिवस बघू. नाहीतर मणका उघडावा लागेल."

"मग मी चालेन ना?"

"बघू," डॉक्टर म्हणाले, आणि तक्ता परत खाटेला अडकवला.

दुपारी रुग्णालयाचा फार्मासिस्ट आला. डोसांचा हिशेब तोच करायचा. चणीनं बारीक, बगलेत फाइल. तो उभ्यानंच म्हणाला,

"बाई, एक कोडं सुटत नाहीये. औषध एवढं साठतंय म्हणजे किडन्या बिघडायला हव्यात. पण तुमच्या ठणठणीत आहेत. रक्त कुठून घेतात?"

चोराच्या मनात चांदणं. बाई म्हणाल्या,

"कुठून म्हणजे? हातातनं."

"कुठल्या?"

"डाव्या." बोलता बोलता त्यांनी डाव्या हातावर चादर ओढून घेतली.

"नळीतून नाही ना? औषध नळीला आतून चिकटून राहतं. तिथलं रक्त घेतलं तर आकडा फुगतो आणि आम्ही भलताच डोस देत बसतो."

"नाही हो. डाव्याच."

त्यानं तसं लिहून घेतलं आणि तो गेला.

संध्याकाळी थंडी वाजून आली. वॉर्डातल्या आयाबाईनं अंगावर दोन ब्लँकेटं टाकली, पाय चोळले. "तळवा चोळतेय, कळतंय का?" तिनं विचारलं. बाई छताकडे बघत राहिल्या. तळव्याला हात लागलाय, हे त्यांना तिच्या बोलण्यावरूनच कळलं होतं.

सकाळी साडेआठला सिस्टर ट्रे घेऊन आली आणि उजव्या दंडाकडे वळली. बाईंनी तो दंड झाकून घेतला आणि डावा हात पुढे केला.

"आज इथून घे."

"अहो, मिळत नाही ना तिथं."

"मिळेल. गरम पाण्याचा फडका ठेवू. मला काही घाई नाही."

चौथ्या वेळी रक्त आलं. तोवर बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सिस्टरनं बाटलीवर चिठ्ठी चिकटवली.

"कुणी काही विचारलं का?"

"काल फार्मासिस्ट आले होते. नळीतनं घेतात का म्हणाले."

"मग?"

"मी म्हटलं, नाही."

त्या दिवशी सिस्टर बसली नाही.

दुपारी आकडा आला. सहा. डोस लगेच वाढवला. संध्याकाळी सिस्टर खाटेच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली.

"मी जाऊन सगळं सांगून आले," ती म्हणाली. "उद्यापासून मला तिसऱ्या मजल्यावर टाकलंय." थोडं थांबून तिनं विचारलं, "मावशी, खोटं का सांगितलंत? तुमचे पाय जात होते."

"तुझी नोकरी गेली असती."

"आणि पाय?"

बाईंनी उशाशी ठेवलेला पेला उगीच इकडचा तिकडे केला.

"इथं कोण बसतं गं माझ्याजवळ?" त्या हळूच म्हणाल्या.

बाहेरून कुणीतरी सिस्टरला हाक मारली, आणि ती गेली.

पाच दिवसांत ताप उतरला. तळव्याला आधी टाचेकडून, मग बोटांकडून जाग आली. रक्त घ्यायला आता प्रयोगशाळेतला माणूस येई. त्याचा हात कसलेला होता. पहिल्याच टोचण्यात शीर सापडे, आणि बाई मान वळवेपर्यंत तो पुढच्या खाटेशी असे. मग एक दिवस फार्मासिस्ट स्वतः आला. त्याचा चेहरा खुलला होता.

"सतरा! सलग दुसऱ्यांदा. आता दर दोन दिवसांनी टोचायला नको. आठवड्यातून एकदा पुरे."

"बरं झालं," कंडक्टरबाई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला चहाची गाडी घेऊन आयाबाई आली, तेव्हा बाई वेणी घालून, उशीला टेकून ताठ बसल्या होत्या. डावी बाही कोपराच्या वर नीट दुमडलेली होती.

"आज रक्त आहे का, बाई?"

"नाही," त्या म्हणाल्या. "आज नाही."

आयाबाईनं चहा ठेवला आणि गाडी पुढे ढकलली. बाईंनी बाही खाली केली नाही.