सरूबाईला काय आवडतं?

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे, फुगीर काचेचा आणि मागे भली मोठी ढेरी असलेला. तेलगावजवळच्या एका वाडीत, दूध सोसायटीच्या खोलीत माझं आयुष्य गेलं आणि फार चांगलं गेलं. सेक्रेटरी शहादेवअण्णा मला रोज पुसायचे. हार घालायचा तेवढा बाकी होता.

संध्याकाळी दूध घालायला आलेली माणसं तिथेच बसायची. पुरुष पुढे, बाया दाराशी. सगळ्यांचा लाडका कार्यक्रम म्हणजे नवरा-बायकोचा खेळ. बक्षिसाच्या मिक्सरकडे कुणी बघत नसे. बायकोबद्दल प्रश्न आला की नवऱ्याचा चेहरा कसा गोंधळतो, यातच खरी गंमत होती. परक्याची फजिती बघून सगळे पोट धरून हसत आणि मग हळूच आपल्या माणसाकडे बघत. ते बघणं मला फार आवडायचं.

मग दुष्काळ पडला. जनावरं चारा-छावणीत गेली, दूध आटलं. तरीही माणसं रिकाम्या हातांनी माझ्यासाठी यायची. त्यांचे उपकार मी कसे विसरू?

एका संध्याकाळी खेळातल्या नवऱ्याला विचारलं, "तुमच्या बायकोला खायला काय आवडतं?" आणि लाईट गेली. मी बंद पडलो, पण खेळ काही थांबला नाही. अण्णांनी कंदील लावला आणि तोच प्रश्न पुढे बसलेल्या जालिंदरला टाकला.

"तिला व्हय? काहीबी चालतंय की तिला!"

सगळे हसले. दाराशी बसलेली त्याची बायको सरूबाई तेवढी हसली नाही. "ज्याला एवढं ठावं न्हाई, त्याच्यासंगं उसाला मी न्हाई यायची," म्हणाली आणि निघून गेली.

हा साधा रुसवा नव्हता. त्या साली जालिंदरला ऊसतोडीशिवाय आधार नव्हता आणि आमच्याकडे ऊसतोडीचा एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्याला मजूर नेणारा मुकादम गाडीत घेत नाही.

खरं सांगायचं तर त्याला कळणार तरी कसं? आमच्याकडे बाया पुरुषांच्या मागून जेवतात. लग्न झाल्यापासून त्याने सरूबाईला जेवताना पाहिलंच नव्हतं.

पुढचं मी तिची शेजारीण भिमाबाई सांगत होती ते ऐकलं. त्या रात्री जालिंदर ताटावर बसेना. "आदी तू बस," म्हणाला. तीही बसेना. भाकरी गार झाली तेव्हा कुठे दोघं एकाच ताटात जेवायला बसले. सरूबाईने सवयीने भाकरीचा पापुद्रा काढून त्याच्यापुढे सरकवला. तिची नजर मात्र पापुद्र्यावरच राहिली. ती नजर जालिंदरला दिसली.

"तुला आवडतो व्हय? मंग रोज मला कावून देती?"

"आवडतो म्हणून तर!"

मुकादमाची गाडी आली तेव्हा दोघं जोडीनेच चढले.

ऊस संपल्यावर ते परतले आणि त्याच संध्याकाळी सोसायटीत आले. खेळात कुणी नवरा तसल्याच प्रश्नावर डोकं खाजवत होता. जालिंदरला राहवेना. "पापुद्रा सांग बे, पापुद्रा!" तो माझ्यावरच ओरडला. खोली हसून हसून लोळली. सरूबाई पदर तोंडाला लावून सगळ्यांत जास्त हसली. ती आता दाराशी नव्हती, त्याच्या शेजारी बसली होती.

आज भिंतीवर नवा पातळ टीव्ही आहे आणि मी कोपऱ्यात, किटल्यांच्या सोबतीला. सरूबाई येता-जाता पदराने माझी काच पुसते. मला आणखी काय हवं? तुम्ही फक्त एवढं करा, मित्रांनो. आज जेवताना आईला तुमच्यासोबत बसवा आणि ती तुमच्या ताटात काय सरकवते, ते नीट बघा.