रुमाल टाकलेली जागा

"गुंजन, दरवाजा लागला अन् तुही आजी बाहेरच राह्यली."

मी शाळेसाठी वेणी घालत होते. आरशाला टेकवलेल्या फोनमध्ये आबाजींचं अर्धंच तोंड दिसत होतं आणि मागे मेट्रोचा चकचकीत दांडा. वेणी हातातून सुटली.

"बाहेर म्हणजे कुठी, आबाजी?"

"फलाटावर. काचेतून माह्याकडं पाहून राह्यली होती. गाडी सुटली."

आबाजी म्हणजे माझे आजोबा, वामनराव. घाटंजीच्या तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. ते आणि आजी सिंगापूरला कपिलकाकाकडे गेले होते. काका दिवसभर ऑफिसात, म्हणून दोघांना फिरवायचं काम मी घाटंजीत बसल्या बसल्या अंगावर घेतलं होतं. रोज शाळेआधी व्हिडिओ कॉल. लाल लाइन धरा, आता डावीकडे, आता सरकता जिना. तिथला नकाशा मला आमच्या बाजारओळीपेक्षा जास्त पाठ झाला होता, आणि ही गोष्ट वर्गात कुणाला माहीत नाही असं मी राहू दिलं नव्हतं.

पण नकाशात आबाजींची सवय नव्हती. यवतमाळच्या स्टँडवर एसटी फलाटाला लागायच्या आतच ते धावत सुटायचे आणि खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचे. रुमाल पडला की ती जागा आजीची. ती मागून पिशव्या सांभाळत सावकाश यायची. लग्न झाल्यापासून आपल्या बायकोने एकही प्रवास उभ्याने केला नाही, हे आबाजी पाहुण्यांना सांगायचे आणि आजी उगाच चहाची कपबशी उचलून आत जायची.

आजही मेट्रोचं दार उघडताच ते आत घुसले होते. कोपऱ्यातल्या सीटवर रुमाल टाकला, आणि वळून "ये" म्हणेपर्यंत दार मिटलं होतं. तिथे कंडक्टर नाही, घंटी नाही.

"साखळी कुठी असते थे सांग. ओढतो."

"काही ओढू नका. पुढच्या स्टेशनावर उतरा अन् समोरच्या बाजूची गाडी धरा. वापस जा."

"अन् ती माह्या मांगं दुसऱ्या गाडीत बसून आली तं?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आजीजवळ फोन नाही. इंग्रजी नाही. काकाच्या घराचा पत्ता, तिचा चष्मा, शुगर उतरली की तोंडात टाकायच्या गोळ्या, सगळं आबाजींच्या शर्टाच्या खिशात. मी आईच्या फोनवरून काकाला लावून पाहिला. बंद.

"आजी नाई हालत तिथून," मी म्हटलं. "जत्रेत मले काय सांगे ती? हात सुटला तं सुटल्या जागीच बसाचं."

"तुले सांगे. तिले कोण सांगंन?"

माझा आवाज आमच्या पीटीच्या सरांसारखा निघत होता. अर्धी वेणी मात्र तशीच लोंबत होती. आबाजी उतरले, तेव्हा फोनमध्ये आधी छत दिसलं, मग लोकांचे बूट, मग पुन्हा त्यांचं तोंड. घामाने डबडबलेलं.

परतीच्या गाडीत त्यांच्या मागे दोन सीट रिकाम्या दिसत होत्या.

"बसा नं, आबाजी. मांगं जागा हाय."

"नाई बसत."

ते दाराच्या काचेला नाक लावून उभे राहिले. दार उघडलं. फोन इकडून तिकडे फिरला. नुसते अनोळखी चेहरे.

"नाई हाय. गुंजन, ती नाई हाय इथं."

हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. कचेरीतल्या साहेबांशी भांडून आलेल्या आबाजींचा नव्हता, दादाला रागावणाऱ्या आबाजींचाही नव्हता.

"तुम्ही दुसऱ्या बाजूले उतरले. मांगं वळा. मले दाखवा."

ते वळले. पलीकडच्या मिटलेल्या दारापुढे, थेट जमिनीवर, आजी मांडी घालून बसली होती. मांडीवर पिशवी, डोक्यावर पदर. माणसं तिला वळसा घालून जात होती. स्टेशनच्या गणवेशातली एक मुलगी वाकून तिला बाकाकडे चला म्हणून खुणावत होती आणि आजी मान हलवून नाही म्हणत होती.

आबाजी समोर जाऊन उभे राहिले. आजीने वर पाहिलं.

"भेटली होती का जागा?"

"भेटली होती," आबाजी म्हणाले. "रुमाल तिथंच राह्यला."

मग त्यांनी फोन खिशात टाकला. कॉल चालूच होता. मला अंधार दिसत होता, आणि श्वास ऐकू येत होता.

ते सिंगापूरहून परत आले, तेव्हा मी आईबरोबर यवतमाळला घ्यायला गेले. घाटंजीची गाडी लागली, तशी गर्दी धावली. खिडक्यांतून रुमाल, पिशव्या, एक दप्तरसुद्धा आत पडलं.

"आबाजी, रुमाल द्या. मले टाकू द्या."

"राहू दे."

"अवो, देऊन टाका नं पोरीले," आजी म्हणाली. "गुडघे दुखून राह्यले माहे."

त्यांनी ऐकलं नाही. आजीचं मनगट धरलं, सगळ्यांना चढू दिलं, मग आधी तिला पायरीवर घेतलं आणि मागून स्वतः चढले. एकही जागा उरली नव्हती.

ओळखीचा कंडक्टर तिकिटं फाडत आला. "काहून वामनराव? आज वहिनी उभ्या?"

आबाजींनी तिकिटांचे पैसे पुढे केले. त्यांच्या खिशात काकाने दिलेला नवा रुमाल होता, अजून घडीही न मोडलेला. आजीचा एक हात वरच्या दांड्याला होता. दुसरा त्यांनी घाटंजी येईपर्यंत सोडला नाही.