यंत्राचं गुप्त नाव

"डोळे मिटा! मोबाईल खिशात! महाराज ढगातून परत आलेत!"

शिष्याची आरोळी घुमली आणि डोंबिवली पूर्वेच्या त्या लग्नाच्या हॉलमधल्या व्यापाऱ्यांनी पटापट डोळे मिटले. फरसाणवाले, टाइल्सवाले, औषधांचे होलसेलवाले. एरवी समोरच्याच्या तराजूवरून नजर न हलवणारी ही मंडळी दर गुरुवारी इथे येऊन राजीखुशीने आंधळी होत. नवरीच्या तयारीसाठी राखलेल्या एसी खोलीत मौनध्यान आटोपून यंत्रसिद्ध रतनमहाराज व्यासपीठावर आले आणि नवरदेवाच्या खुर्चीत ऐसपैस बसले.

"भक्तांनो, तुमचा धंदा कुठे राहतो? दुकानात? छे! क्लाउडमध्ये! क्लाउड म्हणजे ढग. आणि ढगात कोण राहतं? बरोबर बोललात!"

कुणी काहीही बोललेलं नव्हतं. तरी टाळ्या पडल्या.

"कल्याणचे फरसाणवाले, उठा. तेल संपत आलंय. आणि ठाण्याहून चिवड्याची मोठी ऑर्डर आलीय. खरं की खोटं?"

"खरं, महाराज! अजून भागीदारालापण बोललेलो नाही मी!"

हॉलभर 'आहा' उठला. पहिल्या रांगेतल्या मधुशेठने मान मागे वळवून सगळ्यांकडे असं पाहिलं, की जणू महाराजांना त्यानेच घडवलं होतं. तसा थोडा वाटा होताच. बसायच्या खुर्च्या त्याच्या, पडदे त्याचे, सगळं फुकट. आणि दर गुरुवारी उभं राहून 'मला कशी प्रचीती आली' हे सांगायचं कामही त्याचंच. त्याचं ऐकूनच निम्मे लोक इथवर आलेले.

मधुशेठचा धंदा मांडव आणि केटरिंगचा. ऑफिस आणि एक गोदाम कोपरला, दुसरं ठाण्याला कोपरीत. सगळा कारभार त्याच्या डोक्यात, आणि डोकं बऱ्याचदा भलतीकडे. मागच्या लग्नसराईत त्याने एकाच मुहूर्ताला कल्याणच्या आणि ठाण्याच्या लग्नात तेच एक झुंबर कबूल केलं. ठाण्याच्या नवरीने आकाशकंदिलाखाली सप्तपदी केली आणि तिच्या मामाने मधुशेठला जे सुनावलं ते छापण्यासारखं नाही.

त्यानंतर त्याच्या मुलीने, सोनलने, हट्टाने सॉफ्टवेअर बसवून दिलं. तिचं नोकरीतलं कामच ते. "पप्पा, खरेदी, माल, ऑर्डरी, टेम्पो, माणसं, सगळं एकाच जागी दिसणार. कोपरीतून साधा पडदा हलला तरी कोपरला कळेल. कुठल्या तारखेला काय कमी पडणार ते आधीच कळेल. फक्त जो देईल-घेईल त्याने लगेच नोंद करायची."

माणसं शिकली. कोपरीचं गोदाम सांभाळणारा देवराम तर चष्मा पुसून पुसून शिकला. मधुशेठने मात्र पैसे भरले, पेढे वाटले आणि पुन्हा त्या स्क्रीनकडे ढुंकून पाहिलं नाही. "माझ्या डोक्यात आहे सगळं," असं तो म्हणे. दसऱ्याला रतनमहाराजांना बोलावून त्याने कॉम्प्युटरची पूजा तेवढी थाटात केली.

आणि तेव्हापासून महाराजांना मधुशेठची गोदामं दिसू लागली. जे रोज ऑफिसातल्या स्क्रीनवर फुकट दिसत होतं, ते मधुशेठ दर गुरुवारी दक्षिणा देऊन ऐकू लागला.

असंच एका गुरुवारी महाराज डोळे मिटून म्हणाले, "मधुशेठ, कोपरीच्या गोदामातले मोठे पितळी टोप कमी झालेत. चोर बाहेरचा नाही. तुमच्यात वावरतो, पण तुमच्या पूजेत हात जोडत नाही."

पुढचं सांगायची गरज नव्हती. देवराम बौद्ध. दसऱ्याच्या पूजेला तो दाराशी उभा राही, पेढा घेई आणि कामाला लागे. मधुशेठला त्यात इतक्या वर्षांत कधी काही वावगं वाटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने कोपरीत जाऊन, हमालांच्या आणि टेम्पोवाल्यांच्या समोर, देवरामच्या कमरेच्या किल्ल्या काढून घेतल्या.

देवराम एवढंच म्हणाला, "शेठ, एकदा मोजून बघा. विचारून बघा, कुठे गेलेत ते."

"महाराजांनी पाहिलंय. आता मी अजून काय बघू?"

सोनल घरी आली तीच तणतणत. "देवरामकाकांना चोर म्हणालात?"

"मी नाही. महाराज म्हणाले."

"टोप कमी आहेत हे सिस्टीममध्ये कोणी लिहिलंय, ठाऊक आहे? देवरामकाकांनीच. महिन्याची मोजणी केली आणि स्वतःहून 'कमी' अशी नोंद टाकली. तुम्ही उघडलंच नाहीत! कुठला चोर आपली चोरी मालकाला लिहून कळवतो, पप्पा?"

मधुशेठ गडबडला. "मग महाराजांना कसं दिसलं?"

"तेच विचारतेय. दसऱ्याला मी पुण्याला गेलेले. पूजेत काय काय झालं?"

"काय होणार? संकल्प. माझं नाव-गोत्र झालं. मग महाराज म्हणाले, यंत्राचं नाव-गोत्रपण लागेल. मी म्हटलं, यंत्राला कुठलं गोत्र? तर म्हणाले, आत शिरताना आधी टाकता ते त्याचं नाव, आणि नंतर टाकता, ठिपके ठिपके दिसतात, ते त्याचं गुप्त नाव. तेच गोत्र. ते मोठ्याने घेत नाहीत, गुरूच्या कानात..."

सोनलने कपाळावर हात मारला नाही, हसलीही नाही. हसली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

"तुम्ही पासवर्ड कानात सांगितलात."

"उपरणं डोक्यावर घेऊन," मधुशेठ बारीक आवाजात म्हणाला. मग एकदम उसळून, "पण म्हणून महाराज खोटे ठरत नाहीत! तुझी नसती शंका!"

"बरं. येत्या गुरुवारी सकाळी मी सिस्टीममध्ये आपलं खडवलीचं गोदाम उघडते."

"खडवलीत कुठे आहे आपलं गोदाम?"

"नाहीच आहे. म्हणूनच."

मधुशेठ हो म्हणाला. महाराज हा बनाव पकडतील आणि पोरीचे डोळे उघडतील, याची त्याला मनापासून आशा होती. कारण महाराज खोटे निघाले, तर देवरामच्या कमरेला हात घालणारा तो स्वतः कोण ठरणार होता, हे त्याला कळत होतं.

गुरुवारी हॉल ओसंडला. सोनल वडिलांशेजारी बसली. महाराज ध्यान आटोपून आले तेव्हा तिने हात जोडून विनंती केली, "महाराज, आमच्या सगळ्या गोदामांवर एकदा कृपादृष्टी फिरवा."

महाराजांनी मान हलवली, हवेत हात फिरवला. "कोपर दिसतंय. तिथे खुर्च्या पुरेशा आहेत. कोपरी दिसतंय. चोर गेला, बरकत आली. आणि हे काय? खडवली! खडवलीच्या गोदामात चांदीचं मखर पडून आहे. मधुशेठ, देवाचं मखर असं अंधारात ठेवतात?"

टाळ्यांनी हॉल दणाणला. एक मधुशेठच टाळी वाजवत नव्हता.

"बोला मधुशेठ! आहे की नाही मखर?"

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. 'आहे' म्हटलं असतं तर सुटला असता. प्रचीतीवाला भक्त म्हणून मान राहिला असता, संध्याकाळी प्रसाद घेऊन घरी गेला असता. शब्द ओठांपर्यंत आलाही. तेवढ्यात त्याला आठवला तो चष्मा पुसणारा माणूस, आणि 'एकदा मोजून बघा' म्हणणारा त्याचा आवाज.

"खडवलीत माझं गोदाम नाही," तो उभा राहून म्हणाला. "मखरही नाही."

पण महाराज काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "नाही कसं? होणार आहे! आम्ही भविष्य पाहिलं!"

पुन्हा टाळ्या! कल्याणचे फरसाणवाले तर रडायच्या बेतात.

सोनल उठली. "भविष्य नाही, महाराज. ते गोदाम मी आज सकाळी माझ्या मोबाईलवर बनवलं. मखरपण मीच टाकलं. ते फक्त एका जागी आहे, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये. ध्यानाच्या खोलीत बसून तुम्ही तिथूनच वाचलंत." मग ती लोकांकडे वळली. "दादा, काका, एक विचारू? तुमच्याही कॉम्प्युटरची पूजा महाराजांनीच केली ना? त्या पूजेत यंत्राचं गुप्त नाव त्यांच्या कानात कोणी कोणी सांगितलं?"

टाइल्सवाल्याचा हात कोपरापर्यंत वर आला. मग औषधवाल्याचा. मग शेजाऱ्याचा बघून शेजाऱ्याचा. जो तो दुसऱ्याकडे बघून वरमत होता.

"आता मोबाईल काढा. गुप्त नाव बदला. कोणाच्याही कानात सांगू नका. झालं? महाराज, पुन्हा ध्यानाला बसता?"

महाराज नवरीच्या खोलीत गेले. मौन बरंच लांबलं. बाहेर आले तेव्हा फेटा घामाने भिजला होता.

"महाराज, माझं तेल किती उरलंय?" फरसाणवाल्याने विचारलं.

"आज ढगांची दिशा अनुकूल नाही."

"अहो, मघापर्यंत तर होती!"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळा हॉल एकदम बोलू लागला. मधुशेठला तो गलका सोसेना. आपणच यांना इथे आणलं, आणि आता हेच एकमेकांच्या नजरा चुकवतायत. तो मागच्या दाराने स्वयंपाकघरातून बाहेर पडायला निघाला.

तिथे महाप्रसादाचा भात शिजत होता. मोठे पितळी टोप, आत पांढरी स्वच्छ कल्हई. काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव: मालन. मधुशेठच्या आईचं.

"शेठ, टोप झकास आहेत हां तुमचे," आचारी म्हणाला. "भात तळाला अजिबात लागत नाय. तुम्हीच आणून दिलेले ना, भंडाऱ्याला?"

त्यानेच. स्वतः टेम्पोत चढवून. देवराम त्या दिवशी सुट्टीवर होता, आणि नोंद करायचं टेम्पोवाल्याने सुचवलं तेव्हा मधुशेठ म्हणाला होता, "आपल्याच महाराजांना द्यायचं, कसली नोंद?"

तो तिथेच, त्या वाफेत, भिंतीला टेकून उभा राहिला. देवरामने खरं लिहिलं होतं. यंत्राने खरं दाखवलं होतं. खोटं होतं ते एका ठगाच्या तोंडात आणि त्याच्या स्वतःच्या डोक्यात.

कोपरीच्या चाळीत देवरामच्या बायकोने, जाईबाईने, पाणी दिलं, पण बसा म्हणाली नाही. मधुशेठने किल्ल्या पुढे केल्या. "देवराम, चुकलो. टोप मीच नेलेले."

देवरामने किल्ल्यांकडे पाहिलं. "काढल्यात कुठे, शेठ?"

"गोदामात."

"चारचौघांत काढल्यात आणि घरात येऊन देता?"

मधुशेठने किल्ल्या पुन्हा खिशात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी टोप कोपरीला परत आले. हमाल, टेम्पोवाले सगळे जमलेले. मधुशेठने किल्ल्या पुढे केल्या. देवरामने हात मागेच ठेवले.

"आधी मोजा. मोठ्याने."

मधुशेठ वाकला आणि आईच्या नावावर बोट ठेवत एकेक टोप मोठ्याने मोजू लागला. एकही कमी भरला नाही. मग तो कॉम्प्युटरपुढे बसला आणि देवरामला विचारत विचारत, एका बोटाने, आयुष्यातली पहिली नोंद केली: टोप भंडाऱ्याला दिले, देणारा मधुकर; नोंद केली नाही, चूक मधुकरची.

देवरामने ती वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली, आणि मग किल्ल्या घेतल्या.

यंत्राला हळदकुंकू वाहा की वाहू नका, त्याला काही फरक पडत नाही. त्याला दृष्टी नाही, ढगात कुणी बसलेलं नाही. आपण जे सांगू तेच ते सांगतं, आणि किल्ली ज्याच्या हाती देऊ त्याला सांगतं. तेव्हा उघडा, वाचा, शंका आली तर उठून मोजा. आणि कुणी डोळे मिटायला सांगितलं, तर आधी त्याच्याकडे नीट डोळे उघडून बघा. नाहीतर चोर भलताच ठरतो, आणि मग एखाद्या चाळीच्या दारात, पाण्याचा पेला हातात धरून, उभं राहावं लागतं.